पाच आणे चार पै

वाटणीपत्र लिहिताना विहीर सगळ्यांत शेवटी येते. शेत एकर-गुंठ्याने तोडता येते, घराला मधून भिंत घालता येते, भांडीकुंडी आणि जनावरे उन्नीस-बीस करून वाटली जातात. विहिरीशी आले की समोर बसलेले भाऊ गप्प होतात आणि पंचांपैकी कोणी वडीलधारा म्हणतो, ‘‘ते आधी होतं तसंच लिहा.’’

भालकीच्या कचेरीच्या आवारात बसून मी तीस वर्षे लोकांचे दस्त लिहिले. माझ्याआधी वडिलांनी तेच केले. त्या वेळी कचेरी निजामाची, म्हणून ते उर्दूत लिहीत. लोक त्यांना अर्जनवीस म्हणत. मी कन्नडमध्ये लिहिले आणि पक्षकाराला मराठीत वाचून दाखवले. भाषा बदलली, मुद्रांकावरचे चित्र बदलले, पण त्यांच्या कागदातले विहिरीचे कलम आणि माझ्या कागदातले कलम शेजारी ठेवले तर जुळी भावंडे वाटतील. आपल्या भागात पाण्याचा हक्क कसा ठरला, कसा चालला आणि कसा मोडला, याचा इतिहास मला त्या एका कलमात दिसतो. म्हणून तेच पुढे ठेवतो.

आमच्या स्वतःच्या घरचा कागद फसली १३४७ चा, म्हणजे इसवी सन १९३७-३८ चा आहे. खटकचिंचोळीच्या शिवारातली पणजोबांची जमीन त्या वर्षी तीन भावांत वाटली गेली. विहीर एकच. कागदात तिला ‘बावली’ म्हटले आहे. आजच्या पहाणीपत्रकात ती ‘बावी’ आहे. घरात आम्ही तिला मळ्यातली विहीर म्हणतो. प्रत्येक भावाच्या नावापुढे हिस्सा लिहिला आहे : पाच आणे चार पै. रुपयाचे आणे सोळा, आण्याच्या पै बारा. सोळा आणे तिघांत वाटले की पाच आणे चार पै येतात, एक पैही शिल्लक राहत नाही. पुढे १९५७ साली नवे पैसे आले आणि आणे-पै बाजारातून उठले. विहिरीतून मात्र उठले नाहीत. पुढच्या पिढीत एका घरी दोन मुलगे झाले, त्यांचे दोन आणे आठ पै झाले. कॉलेजात शिकलेली पोरेसुद्धा माझ्यापुढे बसून ‘आमचे दोन आणे आठ पै’ असे म्हणताना मी ऐकली आहेत. त्यांनी पै कधी डोळ्यांनी पाहिलेली नव्हती.

पण आणा म्हणजे पाणी किती? कोणत्याच कागदात ते लिहिलेले नसते, आणि लिहिण्याची गरजही नव्हती. आणा म्हणजे पाणी नव्हेच, आणा म्हणजे वेळ. आमच्या विहिरीची पाळी अशी होती : मंगळवार-बुधवार थोरल्या घराचे, गुरुवार-शुक्रवार मधल्याचे, शनिवार-रविवार आमचे. सोमवार मोकळा. सोमवार बसवण्णाचा वार. आपल्या मुलखात त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. लिंगायतांची ही चाल आसपासच्या मराठ्यांच्या घरांतही पाळली जाई. बैलांना विसावा मिळे हे तर खरेच, पण विहिरीलाही विसावा मिळे. रविवारी संध्याकाळी तळाचा खडक दिसू लागलेला असे आणि मंगळवारी पहाटे हातभर पाणी चढलेले असे. ही चाल कोणी झऱ्यांचा हिशेब करून पाडली असे माझे म्हणणे नाही. पण ती झऱ्यांच्या उपयोगी पडत होती एवढे खरे.

मोट मी लहानपणी पाहिली आहे, हाकलीही आहे. चामड्याची मोट, तिला वरून जाड नाडा आणि खालच्या सोंडेला बारीक सोंदूर, माथ्यावर चाक, आणि बैल धावेवरून उतरत गेले की थारोळ्यात भसकन ओतले जाणारे पाणी. मग बैल उलट्या पावलांनी वर. थारोळ्यातून पाटात, पाटातून दंडात, दंडातून वाफ्यात. तिथे कोणी तरी दारे धरून उभा, बहुधा घरातली बाई नाही तर शाळेला दांडी मारलेला पोर. बैलजोडी दिवसभरात ठरावीकच खेपा करू शकते. दुपारी सोडावीच लागते. त्यामुळे दोन दिवसांच्या पाळीत कितीही हाव धरली तरी पाणी मोजकेच निघे. पाळीची मर्यादा कागदावर नव्हती, ती बैलाच्या खांद्यात होती. ही गोष्ट नीट लक्षात ठेवावी, पुढे तिच्याशी काम आहे.

‘पाळी’ हा शब्द मला फार आवडतो. तो कन्नडमध्येही आहे आणि अर्थ तोच. मळ्याच्या वाटेवर सकाळी शेजारी विचारी, ‘‘इवत्तु पाळी यारदु?’’ आणि आम्ही मराठीत उत्तर देत असू, ‘‘आज मधल्या घरची.’’ कोणाला भाषांतर लागत नसे. सीमाभागातल्या भाषेच्या भांडणांवर मी पुष्कळ अर्ज लिहिले. पाण्याच्या पाळीचे भांडण भाषेवरून झाल्याचे मला आठवत नाही. ते भावाभावांतच व्हायचे.

पाण्याची वाटणी वेळेने करायची, ही काही आमच्याच पूर्वजांची अक्कल नव्हे. इराणमध्ये डोंगराच्या पायथ्यापासून जमिनीखालून भुयार खणून पाणी गावापर्यंत आणतात, त्याला कनात किंवा कारेझ म्हणतात. त्या पाण्याचे हिस्से मोजण्याची तिथली जुनी रीत अशी : पाण्याने भरलेल्या भांड्यात तळाला बारीक भोक पाडलेली वाटी तरंगत सोडायची, ती भरून बुडाली की एक माप झाले. अमक्याच्या इतक्या वाट्या, तमक्याच्या इतक्या. वाचकांना ही वाटी ओळखीची वाटेल. आपल्या लग्नात मुहूर्ताची घटिका मोजायला भटजी घंगाळात जी वाटी सोडत, ती हीच. एका मुलखात तिने पाण्याचा हक्क मोजला, दुसऱ्यात अंतरपाट धरण्याची वेळ.

कारेझ मात्र आपल्या बीदरपर्यंत आले. पंधराव्या शतकात बहामनी सुलतानांनी गुलबर्ग्याहून राजधानी बीदरला हलवली, आणि त्यांच्या दरबारात इराणी माणसांचा राबता मोठा होता. बीदरचे पठार वरून जांभ्या दगडाचे. जांभा सच्छिद्र, पावसाचे पाणी चाळणीसारखे आत घेतो. खाली काळा पाषाण लागला की ते पाणी अडते आणि कुठे तरी कड्याच्या पोटातून झरा होऊन बाहेर पडते. नानक झिरा आणि नरसिंह झिरा हे त्याच पाण्याचे. नौबादचे कारेझ या झिरपणाऱ्या पाण्याला वाट काढून देते : सुमारे तीन किलोमीटरचे भुयार आणि त्याला वरून ठिकठिकाणी पाडलेले विहिरीसारखे झरोके. शुक्लतीर्थाचे आणि जमना मोरीचे अशी आणखी दोन कारेझे शहराच्या परिसरात आहेत. गेल्या दहा-बारा वर्षांत संशोधकांनी त्यांचे नकाशे केले, नौबादचे काही झरोके उपसून साफ झाले. मी मुद्दाम जाऊन आलो. आत वाकून पाहिले तर गार वारा लागला. खाली पाणी कोणाला न विचारता आपल्या चालीने जात होते. कारेझमधून पाणी उपसता येत नाही, जेवढे झिरपेल तेवढेच वाहते. बैलाच्या खांद्यासारखी तीही एक मर्यादाच.

आता आमच्या विहिरीची जी बाजू कागदात नाही ती सांगतो. पाच आणे चार पै तिनदा मिळवले की सोळा आणे होतात. म्हणजे विहीर संपली. गावकुसाबाहेरच्या वस्तीला त्यात एक पै नव्हती. मोटेचे चामडे त्यांनी कमावलेले आणि शिवलेले, सोंदूर त्यांनी वळलेला. आणि त्यांच्या बायका थारोळ्यापासून दहा पावलांवर घागरी मांडून बसायच्या. मोट हाकणाऱ्याच्या मनात आले तर वरून ओतायचा. मी स्वतः असे पाणी ओतले आहे आणि त्या वयात मला ते पुण्याचे काम वाटत असे. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा, आणि त्या तळ्याचा दावा मुंबई हायकोर्टात निकालात निघाला मार्च १९३७ मध्ये, आमच्या वाटणीच्या थोडेच आधी. पण ते तळे सार्वजनिक होते. आमची विहीर खासगी. तिच्यावर दावा लावता येत नव्हता.

मुळाशी गोष्ट अशी की, आपल्याकडे पाणी जमिनीला बांधलेले आहे. इंग्रजी मुलखात १८८२ च्या ईझमेंट कायद्याने हे स्पष्टच करून टाकले : ठरलेल्या प्रवाहात न वाहणारे, जमिनीच्या पोटातले पाणी ज्याची जमीन त्याने आपल्या हद्दीत हवे तसे घ्यावे. आपला मुलूख तेव्हा निजामाचा, पण हेच तत्त्व पुढे आपल्याही कचेऱ्यांत मुरले. ज्याला जमीन नाही त्याला पाणी नाही, आणि ज्याला जमीन आहे त्याने किती घ्यावे याला कायद्यात तळ नाही.

याहून वेगळे कोणी केले नाही असे नाही. खानदेशात पांझरा आणि मोसम नद्यांवर फडपद्धत काही शतके चालली. बंधाऱ्याखालची जमीन तीन-चार फडांत विभागलेली, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे, कोणत्या फडाला यंदा काय ते मिळून ठरवायचे. पाणी सोडायला पाटकरी, त्याला मेहनताना धान्यात. शेतकऱ्याने स्वतः उठून दार फोडायचे नाही. पाणी कमी असले तर कमी फड भिजवायचे. त्यामुळे तोटा सगळ्यांत वाटला जाई. दुसरे उदाहरण पुरंदर तालुक्यातल्या नायगावचे. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी तिथे पाणी पंचायत उभी केली. त्यांनी हिस्सा जमिनीवरून न काढता माणसांवरून काढला : माणशी अर्धा एकर भिजेल एवढे पाणी, एका घराला जास्तीत जास्त अडीच एकराचे. भूमिहीनालाही पाण्याचा वाटा. ऊस घ्यायचा नाही. जमीन विकली तर पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. दस्त लिहिणारा माणूस म्हणून हे शेवटचे कलम मी पहिल्यांदा वाचले तेव्हा उठून बसलो. आमच्या धंद्यातल्या ‘जमीन, झाडझाडोरा, दगडधोंडे व विहिरीतील हिश्शासह’ या ओळीला त्यांनी मधूनच कापले होते.

इकडे आपल्या जिल्ह्याचीच वाटणी झाली. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वीच्या बीदर जिल्ह्यात उदगीर, अहमदपूर, निलंगा होते. जहिराबाद, नारायणखेडही होते. त्या दिवशी पहिले तीन मुंबई राज्याच्या वाटेला गेले, पुढचे दोन आंध्राला, आणि बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात राहिले. कित्येक घरांत लेक एका राज्यात आणि माहेर दुसऱ्यात झाले. मांजरा नदी मात्र तिन्हींतून पूर्वीसारखीच वाहत राहिली. बीड जिल्ह्यात बालाघाटात उगम, मग लातूर, मग आपला बीदर, मग तेलंगण आणि शेवटी गोदावरी. एका घराच्या तीन चुली झाल्या की विहिरीचा प्रश्न येणारच. तो आला. १९६९ साली न्यायमूर्ती बच्छावत यांचा गोदावरी लवाद नेमला गेला; १९७५ मध्ये राज्यांनी आपसांत करार केले आणि १९८० च्या निवाड्यात ते करार जोडले गेले. मी ते वाचले तेव्हा मला हसू आले आणि थोडा अभिमानही वाटला. आमच्याच कलमासारखे होते : अमक्याने मांजऱ्यातून इतके घ्यावे, तमक्याने इतके. फरक मापाचा. तिथे आण्याऐवजी टीएमसी. एक टीएमसी म्हणजे सुमारे २ कोटी ८३ लाख घनमीटर. सिंगूरच्या धरणातून हैदराबाद शहराच्या पिण्यासाठी चार टीएमसी असेही त्यात आहे. १९३१ साली पुरे झालेले निजामसागर खाली बसलेलेच होते. जुन्या वापराला हात लावायचा नाही, हे लवादही पाळतात आणि गावचे पंचही.

आपल्या तालुक्यात ब्याळहळ्ळीजवळ कारंजा नदीवर झालेले धरण त्या वाटणीतलेच. त्याची क्षमता साडेसात टीएमसीहून थोडी अधिक. त्यासाठी ज्यांची रान-शिवारे पाण्याखाली गेली त्यांच्या मोबदल्याचा वाद पुढे वर्षानुवर्षे चालला. त्यातले काही अर्ज माझ्या हातचे आहेत. कालव्याच्या पाण्याला पाळी असते, पण ती वरून सुटते. शेवटच्या माणसापर्यंत पोचेतो ती कागदातच उरते, हे सगळ्या कालव्यांचे दुखणे. पाळी मोडणाऱ्याला रोज सकाळी तोंड दाखवावे लागत नाही, हे त्याचे एक कारण असावे.

पण मी तरी कोणाला काय म्हणू? आमची पाळी मोडली ती मीच.

सत्तरीनंतर मळ्यात वीज आली. सामाईक विहिरीवर तिन्ही घरांनी मिळून एक मोटर बसवली. वार तेच राहिले. पण पाच अश्वशक्तीच्या मोटरला मान दुखत नाही, आणि तिला सोमवारही कळत नाही. तीन-चार वर्षांत सोमवारची चाल गेली. सोमवार कोणाचा, यावर वाद झाला आणि तो तिघांत आलटून-पालटून वाटला गेला. उसाची लागण आली. उन्हाळ्यात विहीर दुपारीच तळ दाखवू लागली. तेव्हा १९८८ साली मी आमच्या वाटणीच्या तुकड्यात, विहिरीपासून दोनशे फुटांवर, बोअर पाडला. मुरूम, मांजऱ्या, मग काळा पाषाण; एकशे ऐंशी फुटांवर पाणी लागले. पेढे वाटले. दोन उन्हाळ्यांत सामाईक विहिरीचे झरे बंद झाले.

थोरल्या घरचा अण्णा, माझा चुलत भाऊ, एक दिवस कचेरीच्या आवारात माझ्यासमोर येऊन बसला. म्हणाला, ‘‘अर्ज लिहायचाय.’’ मी विचारले, कोणाविरुद्ध? तो म्हणाला, ‘‘तुझ्याच.’’ मी त्याला कायदा समजावून सांगितला : माझी जमीन, माझ्या जमिनीखालचे पाणी, अर्जात काही तथ्य नाही. सांगितले ते अगदी बरोबर होते. तो ऐकून उठला, चहा न घेता गेला. संध्याकाळी मी वडिलांना हे सांगितले. ते म्हातारे झाले होते, खाटेवर पडून असत. त्यांनी एवढेच विचारले, ‘‘मग मंगळवारी त्यानं काय करायचं?’’

त्याने जे केले ते सगळ्यांनीच केले. दुसऱ्या वर्षी त्याने बोअर पाडला, माझ्याहून खोल. मग मधल्या घराने. मग मी पुन्हा. आता आमच्या शिवारात पाचशे फूट ही बोलण्याची रीत झाली आहे. २०११ साली कर्नाटकात भूजलाचा कायदा झाला; अधिसूचित भागात बोअर पाडायला परवानगी लागते. दहा अश्वशक्तीपर्यंतच्या शेतपंपाला वीजबिल नाही. थ्री-फेज वीज येते तेवढ्या तासांत सगळ्या मोटरी एकदम सुरू होतात, आणि रात्री-अपरात्री बॅटरी घेऊन माणसे बांधावर उभी असतात. पाळी अजून आहे, ती लाइटीची आहे. वाटेवर ‘इवत्तु पाळी यारदु’ असे विचारण्याची गरज उरलेली नाही. २०१६ साली मांजरा धरण आटले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा आमच्याकडे पाव्हणे आले होते. एक म्हातारी आत्या मळ्यातल्या विहिरीत वाकून पाहून आली आणि परत येईपर्यंत काही बोलली नाही. विहिरीत बाभळीचे झुडूप वाढले आहे.

अण्णा गेल्या वर्षी वारला. मी दस्त लिहिणे कधीच सोडले. तरी दिवाळीनंतर त्याचे दोघे मुलगे वाटणीचा मसुदा करून घ्यायला घरी आले. एक पुण्याला असतो, एक इथेच शेती बघतो. जमीन झाली, घर झाले, बोअरही झाला. बोअर इथल्याकडे, त्याने दुसऱ्याला रोख द्यायचे. मग सामाईक विहिरीतला अण्णाचा दोन आणे आठ पैचा हिस्सा आला आणि दोघे गप्प झाले. मी म्हणालो, ‘‘हे कलम गाळू या का? तिच्यात थेंब नाही.’’ धाकट्याने थोरल्याकडे पाहिले. थोरला, पुण्याचा, म्हणाला, ‘‘नको काका. आधी होतं तसंच लिहा.’’

मी लिहिले. सामाईक विहिरीत प्रत्येकी एक आणा चार पै. मंगळवार थोरल्याचा, बुधवार धाकट्याचा. सोमवार मोकळा.